ओढीचा बाण

हातातल्या पडद्यावरचा बाण निळा होता. गौरेशच्या नावाच्या ठिपक्यातून निघून तो थेट सेजलच्या ठिपक्यात शिरला होता. बाकी सगळ्यांचे बाण सुतासारखे बारीक, हा एकटाच दोरखंडासारखा जाड. बाणावर बोट ठेवलं की त्याचं नाव उमटे. विशाखानं बोट ठेवलं. ‘ओढ’ असं उमटलं, आणि त्याखाली ‘फार तीव्र’.

तिनं बोट ओढणीला पुसलं आणि पुन्हा ठेवलं. बोट ओलं असलं की पडदा कधीकधी भलतंच दाखवतो. पण बाण तसाच राहिला.

समोर वाळवंडच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीनं पाण्यात अर्धचंद्र काढत जाळं टाकलं होतं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आले होते, एक गडाच्या अंगाला, एक खाडीच्या. दोन्ही दोरांवर बाया-पुरुष ओळीनं उभे, तोंडं समुद्राकडे, पावलं मागे मागे. ओढायचं, मागे सरायचं, पुन्हा ओढायचं. गडाकडच्या दोरावर सेजल होती आणि लगेच तिच्या पाठीमागे गौरेश, विशाखाचा नवरा. सेजल गात होती. तिचा आवाज वाऱ्याला कापत विशाखाच्या मांडवापर्यंत येत होता.

ओढ ग सये ओढ, दर्याच्या हातचा दोर
तिकडे त्याचं बळ, इकडे आपला जोर

ओढण्याआधी सेजलची टाच वाळूतून किंचित उचले. तिच्यामागे, डोळ्याचं पातं लवावं इतक्यात, गौरेशची टाच उचले. सेजलचे खांदे मागे येत, त्याचे येत. तिनं श्वास सोडला की त्याच्या पाठीवरचा सदरा सैल पडे. विशाखानं पडदा उलटा करून मांडीवर ठेवला. आता बाण बघायची गरजच नव्हती. सगळं उघड्या डोळ्यांना दिसत होतं.

ती जागा पूर्वी तिची होती.

मोठ्या यांत्रिक बोटींना किनाऱ्यालगत बंदी झाली, तशी आजोबांच्या काळातली रापण वाळवंडला परत आली होती. गौरेश बोटीच्या इंजिनावर होता, तोही परत आला आणि दोराला लागला. माणसं परतली, पण एकत्र ओढायची सवय परतली नाही. एक दोर पुढे जाई, दुसरा मागे राही, जाळं तिरकं होई आणि मासळी खालच्या अंगानं हसत निघून जाई. मग एका संशोधन केंद्रातला चिन्मय देवस्थळी नावाचा तरुण शास्त्रज्ञ मनगटी पट्ट्यांची पेटी घेऊन आला. रापणीचा म्होरक्या आबा मोंडकर. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “हे पट्टे मासे पकडतत?”

“मासे नाही, माणसं पकडतात,” चिन्मय म्हणाला होता. “एका भिंतीवर लंबकाची दोन घड्याळं शेजारी शेजारी टांगली, तर काही वेळानं दोन्ही लंबक एका तालात झुलायला लागतात. भिंतीतून एकाचा हेलकावा दुसऱ्याला पोचत राहतो. माणसांचंही तसंच आहे. एकत्र काम करताना श्वास, नाडी, स्नायू एकमेकांशी जुळायला लागतात. पण जुळताना कुणीतरी केसभर आधी असतं आणि कुणीतरी केसभर मागे. जो मागे आहे, त्याचं चित्त पुढच्याकडे लागलेलं असतं. त्याला स्वतःला ते माहीतही नसतं. पट्टी तेवढंच टिपते.”

या टिपणांतून यंत्र बाण काढी. कोण कुणाच्या मागून येतो, किती घट्ट येतो. गटातला खरा पुढारी पदावरून कळत नाही, म्हणे, बाण कुणाकडे जमतात त्यावरून कळतो. मग त्या बाणांवरून यंत्र सुचवी की कुणाला कुणाच्या पुढे उभं करावं. एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ एकाच दोरावर होते. एक ओढायला लागला की दुसरा नकळत ढिला पडे, दोघांचं बळ एकमेकांना खात होतं. यंत्रानं एकाला गडाकडे ठेवलं आणि दुसऱ्याला खाडीकडे धाडलं. त्याच दिवशी जाळं सरळ आलं. आबाकडे मात्र एकच बाण निघाला.

“माझ्या कुत्र्याक पट्टो बांधा,” आबा म्हणाला, “मगे दोन होतीत.”

बाणाला चिन्मयच्या केंद्रात ‘अनुगमनांक’ असं नाव होतं. ते कुणाच्याच जिभेवर बसेना. तुम्ही दोरावर काय म्हणता, असं त्यानं विचारलं. ‘ओढ’, आबानं सांगितलं. चिन्मयनं खूश होऊन तो शब्द यंत्रात घालून टाकला. दोर ओढणं आणि जीव ओढ घेणं ही दोन्ही कामं वाळवंडला एकाच शब्दावर चालतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

पडदा सांभाळायला शिकलेलं माणूस हवं होतं. विशाखा कुडाळच्या कॉलेजात संगणक शिकलेली. सगळ्यांनी तिचं नाव घेतलं. एकटा गौरेश घरी म्हणाला, “तू जाव नको. दोरावरच र्‍हव.” तिला वाटलं, आपलं नाव झालेलं याला खुपतंय. ती गेली. तिच्या रिकाम्या जागेवर यंत्रानं सेजलला आणून उभं केलं. सेजल सासर सोडून माहेरी येऊन राहिलेली. बाप गेला, आई त्याआधीच गेलेली. मानेवर घट्ट अंबाडा, आणि दोर सोडताना दोन्ही हात डोक्यावर उंच उडवायची तऱ्हा. लाट जाळं मागे खेचायला लागली आणि आबाची ‘सोड’ अशी हाक आली की सगळे मुठी उघडून मोकळे होत, ही एकटी मोरासारखा पिसारा फुलवी. नखरा, विशाखा मनात म्हणे.

दुपारी पानावर बसल्यावर तिनं विषय काढला. गौरेश नेहमीसारखा तिच्या तोंडाकडे बघत जेवत होता. ती बोलायला लागली की त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नसे. या गोष्टीचा तिला भारी अभिमान. बाकीच्या बाया म्हणत, आम्ही बोलतो नि नवरा फोनात बघतो. ही म्हणे, माझो नाय तसो.

“सेजल बरी गाता,” ती म्हणाली.

“गाता?” गौरेशनं घास हातात धरून विचारलं. मग म्हणाला, “हां. गात असात. माझा लक्ष नसता.”

विशाखानं कालवणाचं भांडं जरा जोरानं खाली ठेवलं. ज्या आवाजानं अख्खा किनारा ओढला जातो, तो आवाज हातभर अंतरावर, आणि याचं लक्ष नसतं. माणूस खोटं कधी बोलतो? लपवायला काही असलं तर.

संध्याकाळी तिनं चिन्मयला फोन लावला. “सर, एक विचारायचं होतं. ओढ फार तीव्र म्हणजे नेमकं काय?”

“कुणाची?” त्याचा आवाज एकदम उजळला. “गौरेश आणि सेजल ना? मीही बघतोय इकडून. अप्रतिम जोडी आहे. इतकी जुळणी मी अजून कुठल्याच गटात पाहिली नाही. अहो, वीस वर्षं संसार केलेल्या नवरा-बायकोतसुद्धा इतकी...” मग त्याला आठवलं असावं की आपण कुणाशी बोलतोय. “म्हणजे, दोर ओढण्याच्या दृष्टीनं,” तो म्हणाला.

“हो. त्याच दृष्टीनं,” विशाखा म्हणाली.

त्यानंतर तिला झोप लागली तरी पोटात काहीतरी जागं राही. जात्यावर बसणाऱ्या बायांच्या ओव्या तिला आजीकडून मिळाल्या होत्या, आणि नसलेल्या ओव्या आपोआप जुळत.

दळण नाही, कांडण नाही, जळायाला काय लागे
एक ठिणगी बाणाएवढी, पोटामधे जागे

ठिणगी झाकून ठेवता आली असती. पण तिची चुलत जाऊ पूर्वा मांडवात पाणी प्यायला आली, तेव्हा पडदा उघडाच होता. की विशाखानंच तो उघडा ठेवला होता? पूर्वानं बोट ठेवलं, वाचलं, आणि भुवया टाळूपर्यंत नेल्या.

“अगो बाई.”

“यंत्राचा काय घेऊन बसलंस,” विशाखा म्हणाली, आणि पूर्वानं काहीतरी घेऊन बसावं अशी वाट बघत राहिली.

“यंत्र खोटा बोलणा नाय हां. घोव बोलता.” पूर्वानं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. “आणि ता हात वर करणा बघितलंस? कोणासाठी करता ता? समोर तर समुद्र. मागे कोण आसा?”

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात विशाखानं सेजलचा ठिपका बोटाखाली दाबून धरला आणि गडाकडच्या दोरावरून खाडीकडच्या दोरावर नेऊन सोडला.  यंत्रानं विचारलं, बदलाचं कारण? खाली तीन पर्याय होते. दुखापत. गैरहजेरी. स्वभाव जुळत नाही. तिनं तिसऱ्यावर बोट ठेवलं. यंत्रानं मुकाट्यानं मान्य केलं. सेजलच्या जागी त्यानं एक थोराड, अबोल गडी सुचवला. तो कुणाच्याच अध्यात ना मध्यात.

सकाळी सेजल मांडवात आली. हात कमरेवर.

“माका कित्या हलवलंस?”

“यंत्रान सांगितला.”

“काय म्हणता यंत्र?”

“स्वभाव जुळणा नाय.”

“कोणाचो?” सेजलनं विचारलं. विशाखा पडद्यावरची नसलेली धूळ पुसत राहिली. सेजल थोडी जवळ आली, आवाज खाली आणला. “ऐक. मीच होयी असा नाय. पण तेच्या पुढे जो कोण र्‍हवात, तेका सांग, दोर सोडताना हात वर कर. दिसतीत असे. इसरा नको.”

“तेच्या पुढे कोणी काय करूचा, ता तू सांगतलंस?”

“विशाखा...” सेजलच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिनं ते गिळलं, हे विशाखाला स्पष्ट दिसलं. चोराच्या मनातलं चांदणं, तिला वाटलं.

“माझ्या घोवाची काळजी तू करू नको,” ती म्हणाली. “ता काम माझा आसा.”

सेजल खाडीकडे निघून गेली. त्या अबोल गड्याला विशाखानं काहीच सांगितलं नाही.

समुद्राला त्या दिवशी उधाण होतं. पाणी वरून शांत, पण पोटातून फुगलेलं, जशी कुणी बाई रडू दाबून बसावी. जाळं निम्म्यावर आलं आणि तळाच्या खडकाला अडकलं. दोन्ही दोर ताठ झाले. आबा मधोमध उभा राहून पाण्याकडे बघत होता. लांबवर एक लाट उभी राहिली आणि जाळ्याला पाठीवर घेऊन मागे खेचायला लागली. आबानं दोन्ही हातांचा कर्णा केला.

“सोड!”

सगळ्या मुठी उघडल्या. अबोल गड्यानंही उघडल्या, छातीशी, पाठीमागून कुणाला दिसणार नाही अशा. दोर वाळूवरून सापासारखा सळसळत निघाला. गौरेशनं मात्र सोडला नाही. दोर जड झाला तसा त्यानं आणखी घट्ट धरला, टाचा रोवल्या, मनगटाला एक वेढा घेतला, आणि एकट्या माणसाला समुद्रानं उचललं. आबा ओरडत होता. पूर्वा ओरडत होती. विशाखा मांडवातून धावली तेव्हा तिच्या तोंडून त्याचं नावच बाहेर येत होतं, पुन्हा पुन्हा, घसा फाटेपर्यंत. त्यानं एकदाही मान वळवली नाही. फेसातून फरफटत तो गेला आणि दोराचा वेढा सुटला तेव्हा कुठे लाटेनं त्याला परत फेकलं. त्याच्यापर्यंत पहिली पोचली ती सेजल, खाडीच्या टोकाकडून. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, “काय... दुखता?”

विशाखानं ते बघितलं. तेवढ्या घाईतही तिला ते दोन हात दिसले.

इस्पितळात खांदा जागेवर बसवला, मनगटाला प्लास्टर घातलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवून विशाखाला विचारलं, “यांना ऐकू कधीपासून येत नाही?”

“कोणाला?”

डॉक्टरीणबाईंनी बाजूला ठेवलेला कागद पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, “तुम्ही बायको ना?”

ती खोलीत गेली. गौरेश उशाला टेकून बसला होता, डोळे मिटलेले नव्हते, छताकडे होते.  खिडकीपाशी गेली, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “गौरेश, मी घर सोडून जातंय.”

खाली रस्त्यावर कुणीतरी नारळाची गाडी उतरवत होतं. मागून काहीच आलं नाही. ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. तेव्हा उत्तर आलं, पण भलतंच. “विशाखा, पाणी दी गो जरा.”

ती वळली. तिचा चेहरा बघून त्याला कळलं की तिला कळलंय.

“कधीपासून?”

“बोटीवर होतंय तेव्हापासून. इंजिनाच्या बाजूक दिवसभर. डावो कान लग्नाआधीच गेलो. उजवो मगे हळूहळू. आता पिशवीत तोंड घालून कोण बोलल्यासारखा येता, खळखळ नुसती.”

“आणि माका सांगूक नाय.”

“तुझा सगळा कळता माका. तू बोलतस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघतंय ना.”

विशाखा कॉटच्या कडेला बसली. इतकी वर्षं बायांच्यात मिरवलेली ती नजर. “ता... ऐकूक होता?”

“ऐकूक होता.” मग म्हणाला, “थोडा बघूक पण.”

तिला हसू आलं नाही. “आणि दोरावर?”

“दोरावर पुढच्याची पाठ बघून चालता माझा. पूर्वी तुझी होती. तुझ्या मागे उभो असलंय की आबान ओरडल्यान काय नि नाय काय, माका फिकीर नसे. तुझी पाठ सांगी सगळा. म्हणान तर म्हटलंय तुका, पडद्याकडे जाव नको.” तो प्लास्टरकडे बघत राहिला. “तू गेलंस, आणि माझो उरलेलो कान गेलो.”

“माका वाटला, माझा नाव झाला म्हणान तू जळतस.”

“माका काय वाटला ता सांगूची लाज वाटली.”

“सेजलक नाय वाटली?”

“तिका मी सांगूकच नाय. तिच्या बापाशीचा तसाच झाला होता, तोय इंजिनावरचो. तिना एकदा मागसून हाक मारल्यान, मी वळाक नाय. तिना बरोब्बर वळाखल्यान. मगे मी हात जोडलंय, कोणाक सांगू नको. ता हात वर करणा तिनाच काढल्यान. माका मागसून दिसात म्हणान.”

विशाखाला वाटलं होतं, खरं कळलं की पोटातली ठिणगी विझेल. ती विझली नाही, जागा बदलून बसली. नवऱ्यानं दुसरीला जीव लावला असता तर भांडता आलं असतं, केस ओढता आले असते. त्यानं तर आपली लाज दुसरीच्या ओंजळीत ठेवली होती, आणि जीव माणूस कुणालाही लावील, लाज फार जपून देतो. सेजलला ती न मागता मिळाली. तिनं ती सांभाळली. आणि सांभाळता सांभाळता स्वतःची अब्रू वाळूत जाऊ दिली, कारण पूर्वाच्या तोंडून निघालेला तो बाण एव्हाना घरोघर फिरला होता.

सेजल दोरावर यायची बंद झाली. मग कळलं की गडाकडच्या दोरावरचे निम्मेअधिक बाण तिच्याकडेच जात होते. आता ते पडद्यावर नुसते लोंबत, दावं तुटलेल्या वासरांसारखे, कुणाकडे जावं ते न कळून. गाणं नव्हतं. जाळं पुन्हा तिरकं यायला लागलं.

“आता मी लोकांस सांगतंय,” विशाखा घरी म्हणाली. “सेजलचा काय ता खरा सांगतंय.”

“नको.” गौरेशचा चेहरा उतरला. “बहिऱ्याक दोरावर कोण ठेवतलो? एकदा समुद्रान नेलोच होतो माका. दुसऱ्यांदा माझ्या पाठीमागे कोण उभो र्‍हवात? दोर गेलो तर मी काय, घरात बसान भिंतीकडे बघू?”

“मगे तिची अब्रू?”

तो तिच्या ओठांकडे बघत होता. तिनं एवढंच म्हटलं आणि ओठ मिटून घेतले. मिटलेल्या ओठांवरूनही त्याला वाचता येत असावं, कारण बराच वेळ तो बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे किनाऱ्यावर जाळं शिवत बसले असताना गौरेश गळ्यात हात अडकवून मधे जाऊन उभा राहिला. आबाला म्हणाला, “आबा, माझ्या मागे जा आणि माका कायतरी सांग.”

आबा मागे गेला. काहीतरी बोलला. गौरेश समुद्राकडे बघत उभा. आबा आणखी मोठ्यानं बोलला. बायांची बोटं जाळ्यात थांबली.

“बोललंस?” गौरेशनं वळून विचारलं. “माका ऐकूक येणा नाय. आधीपासूनच. सेजलक ठाऊक होता, ती माझ्यासाठी हात वर करी. दुसरा काय एक नाय. आता ठेवूचा तर ठेवा माका, नाय तर...” पुढचं त्याला सुचलं नाही.

 पूर्वा मान खाली घालून, न तुटलेला धागा दातानं तोडत होती. शेवटी आबा त्याच्या समोर आला, तोंड नीट दिसेल असा.

“म्हणजे, इतकी वर्सा मी तुका ज्यो गाळी घातलंय, त्यो सगळ्यो फुकट गेल्यो?”

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा किनारा हसला. गौरेशनं ते हसू बघितलं, आणि त्याचे खांदे खाली आले. आबानं तिथंच ठरवून टाकलं की यापुढे ‘सोड’ म्हटलं की दोन्ही दोरांवर सगळ्यांनीच हात वर करायचे. “कोण बहिरो, कोण नाय, देवाक ठाऊक,” तो म्हणाला.

सेजलकडे मात्र विशाखा एकटीच गेली. सेजल ओट्यावर आमसुलं वाळत घालत होती. तिनं बस म्हटलं नाही.

“गौरेशान सगळ्यांक सांगितल्यान,” विशाखा म्हणाली.

“ऐकलंय.”

“तुका परत गडाकडच्या दोरावर घालतंय.”

“यंत्रान सांगितल्यान?”

“नाय. मी सांगतंय.”

सेजल लाल बोटांनी आमसुलं पसरत राहिली. “माका तुझो घोव नको होतो गो,” ती म्हणाली. “माका माझी जागा होयी होती. दोरावर माझ्या मागसून माणसा येतत. घरात मागे वळान बघलंय तर कोण नाय. तू ती एका बोटान पुसलंस.”

विशाखाला बरंच काही सांगायचं होतं. त्यातलं जे खरं होतं तेवढंच तिनं बाहेर काढलं. “मी जळलंय. अजून जळतंय. तुका कळला ता माका कळाक नाय, म्हणान.”

“जळ,” सेजल म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. “पण दोरावर येवन जळ. मांडवात बसान नको.”

म्हणून विशाखानं पडदा गौरेशच्या धड हातात दिला आणि मनगटाला पट्टी बांधली. यंत्राला न विचारता ती सेजलच्या मागे उभी राहिली. दोर हातात आला तसा तळव्यांना जुना ओळखीचा जाळ लागला. समोर तो अंबाडा, मानेवरचा घाम, आणि वर उचलली जाणारी ती टाच. विशाखानं ठरवलं होतं, आपण आपल्या तालानं ओढायचं. सेजल गायला लागली.

ओढ ग सये ओढ, दर्या बसला अडून
नेलं त्यानं कालचं, घेऊ आज रडून

तिच्यामागे सगळ्यांनी झेललं. विशाखानंही झेललं. झेलायचं नाही असं तिच्या मनात होतं. लाटा येत राहिल्या, जात राहिल्या, एकदा आबानं ‘सोड’ म्हटलं आणि दोन्ही दोरांवरचे सगळे हात एकदम आभाळाकडे गेले, जसा बगळ्यांचा थवा उठावा. पुन्हा दोर धरला. जाळं सरळ आलं. पेडवे मासे चांदीसारखे वाळूवर ओतले गेले आणि टोपल्यांची धावपळ सुरू झाली.

विशाखा धापा टाकत मांडवात आली. गौरेश पडद्यावर वाकून बसला होता आणि त्याच्या मिशीत हसू मावत नव्हतं. त्यानं पडदा तिच्यापुढे धरला.

तिच्या ठिपक्यातून एक बाण निघाला होता. निळा, दोरखंडासारखा जाड. तो सेजलच्या ठिपक्यात शिरला होता. गौरेशनं त्यावर बोट ठेवलं.

“ह्या यंत्राक काय एक कळणा नाय,” विशाखा म्हणाली.

तो तिच्या ओठांकडे बघत होता. “आता माझी पाळी,” तो म्हणाला.

“कसली?”

“जळाची.”

ती त्याला काहीतरी सणसणीत ऐकवणार होती, त्याला दिसेल असं तोंड उघडून. तेवढ्यात खाली टोपल्यांच्या गर्दीतून सेजलनं हाक मारली, “विशाखा गो!” आणि विशाखा वळली. वळून झाल्यावर तिला कळलं की आपण वळलो. हाक गौरेशला ऐकू आली नव्हती. तिला वळलेली बघून तोही वळला.